सोळा आणे हवा

कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात २९ जुलै १७५१ रोजी बेंजामिन रॉबिन्स नावाचा चव्वेचाळीस वर्षांचा इंग्रज तापाने वारला. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला आपल्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी मुख्य इंजिनिअर म्हणून आणलं होतं, आणि हिंदुस्थानात पाऊल ठेवून त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. बंदुकीतून सुटलेली गोळी किती वेगाने जाते, या प्रश्नाचं पहिलं भरवशाचं उत्तर याच माणसाने दिलं होतं.

त्याच्याआधी तोफखान्याचं गणित कागदावर चाले. गोळा परवलयाच्या वाटेने जातो हे गॅलिलिओने सांगितलं होतं आणि हवेचा अडथळा किरकोळ धरायची पद्धत होती. रॉबिन्सने १७४२ साली आपलं ‘गनरीची नवी तत्त्वं’ हे पुस्तक काढलं आणि एका लोलकाने हा समज मोडला. सुमारे ५६ पौंड वजनाचा लाकूड-लोखंडाचा ठोकळा तो टांगून ठेवी आणि त्यावर बंदूक झाडी. पौंडाचा बारावा हिस्सा वजनाची, सेकंदाला सोळाशे फूट धावणारी गोळी लाकडात रुतली की सगळा ठोकळा ढोबळमानाने दोन-अडीच फुटांच्या वेगाने मागे झुले. ठोकळ्याला बांधलेली फीत किती ओढली गेली ते मोजायचं आणि उलटं गणित करायचं. डोळ्याला न दिसणारा वेग असा त्याने फूटपट्टीवर आणला.

मग तोच लोलक त्याने बंदुकीपासून दूर नेला आणि जवळच्या व लांबच्या वेगांतला फरक काढला. पाऊण इंच व्यासाच्या गोळीला सुरुवातीच्या वेगात हवा सुमारे दहा पौंडांच्या जोराने अडवत होती, म्हणजे गोळीच्या वजनाच्या एकशेवीस पट! किरकोळ धरलेली हवाच गोळीची सर्वांत मोठी वैरीण निघाली. ऑयलरसारख्या गणितज्ञाने हे पुस्तक १७४५ साली जर्मनमध्ये आणलं आणि मूळ मजकुरापेक्षा कितीतरी जास्त टिपा त्याला जोडल्या.

रॉबिन्सने आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि तोच या लेखाचा विषय आहे. ऋतू बदलला, दिवस बदलला, तर गोळीचा वेग बदलतो का? त्याने उन्हाळ्याच्या भर दुपारी, पहाटेच्या गारव्यात आणि हिवाळ्यात प्रयोग करून पाहिले. उष्णतेने ठाम असा फरक पडलेला त्याला दिसला नाही. ओल मात्र दिसली. कोरड्या दिवसांत जी दारू गोळीला सेकंदाला सतराशे फूट वेग देते, तीच दमट हवेत बाराशे-तेराशे फुटांवर येते, असं त्याने नोंदवलं. काळी दारू ओल ओढून घेते, हे त्याचं कारण. उष्णतेबद्दलचं त्याचं उत्तर पुढे दीडशे वर्षांनी बदलायचं होतं.

रॉबिन्स वारला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात फ्रेंच सेनानी बुसी हैदराबादच्या निजामाला, सलाबतजंगाला, घेऊन पुण्याच्या रोखाने चालून आला. चंद्रग्रहणाच्या रात्री कुकडीकाठच्या नानासाहेब पेशव्यांच्या तळावर त्याने छापा घातला आणि पुढे तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त केलं. कवायती बंदुका आणि हलक्या तोफा काय करू शकतात, हे दख्खनने तेव्हा जवळून पाहिलं. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी दहा वर्षांनी पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने लढला. माधवराव पेशव्यांच्या काळात जुन्नरकडच्या आंबेगव्हाणला तोफगोळ्यांचा कारखाना उभा राहिला. इकडे गोळे ओतले जात होते, आणि तिकडे इंग्लंडात वुलिचमध्ये गणितज्ञ चार्ल्स हटन १७७५ पासून रॉबिन्सचा लोलक मोठा करून त्यावर तोफा झाडत होता. दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वेग वाढतो, हा त्याचा नियम १७७८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं.

आता इंदापूर तालुक्याकडे वळू. त्याचा बंदुकीशी थेट संबंध नाही, पण मोजमापाच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. पेशवाई गेल्यावर रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यातल्या जमिनीचं निव्वळ उत्पन्न कागदोपत्री काढलं आणि त्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. १८३० च्या सुमारास तो इंदापुरात लागू झाला. तत्त्व नीटनेटकं होतं, पण शेत तसं नव्हतं. धान्याचे भाव पडलेले, पाऊस लहरी, कमी मातीच्या जमिनीवर जास्त आकारणी. शेतं पडीक पडली, माणसं गावं सोडून गेली, सूट देता देता सरकार थकलं. १८३५ साली गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापुरातच नव्याने मोजणी सुरू केली. त्यांनी उत्पन्नाचा शोध सोडला आणि जमिनीची प्रतवारी केली. उत्तम जमीन सोळा आण्यांची. मातीची खोली, रंग, दगडगोटे, उतार पाहून बाकीच्या जमिनी तिच्या तुलनेत चौदा, बारा, दहा आणे अशा उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. एक जमीन प्रमाण धरायची आणि प्रत्येक शेत तिच्या भाषेत सांगायचं. पुढे मुंबई इलाख्याची जमाबंदी याच पद्धतीवर उभी राहिली.

तीस-पस्तीस वर्षांनी हवेचीही अशीच प्रतवारी झाली. करणारा होता फ्रान्सिस बॅशफोर्थ, पेशाने पाद्री आणि वुलिचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणारा प्राध्यापक. त्याने एकशेपन्नास फुटांच्या अंतराने दहा पडदे उभे केले. पडद्याचा दोरा गोळ्याने तोडला की विजेचा प्रवाह क्षणभर खंडित होई आणि फिरत्या नळकांड्यावर एक खूण उमटे. शेजारी घड्याळाच्या सेकंदांच्या खुणा उमटत असत. एका बारात दहा नोंदी मिळत, म्हणजे वेग वाटेत कसा घटत गेला तेही कळे. १८६७ ते १८७० या काळात त्याने असे असंख्य बार टिपले.

अडचण ही, की सगळे बार एका दिवसाचे नव्हते. कुठल्या दिवशी धुकं, कुठल्या दिवशी दाब उतरलेला. बॅशफोर्थने एक प्रमाण हवा ठरवली, घनफुटाला ५३४.२२ ग्रेन वजनाची, आणि प्रत्येक दिवसाचा हवेचा अडथळा त्या हवेच्या हिशेबात उतरवला. विंगेटची ती सोळा आणे जमीन, ही सोळा आणे हवा. आजच्या मापात ती घनमीटरला सुमारे १.२२ किलो भरते.

त्याच इंदापूर तालुक्यातलं, बारामती–इंदापूर रस्त्यावरचं लासुर्णे या हिशेबात कुठे बसतं? समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंची धरू. डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांवर असेल तर हवा घनमीटरला १.१७ किलो भरेल. एप्रिलच्या दुपारी तो चाळिशीला टेकला की तीच हवा १.०६ वर येईल. आण्यांत सांगायचं तर पहाटेची हवा साडेपंधरा आणे आणि दुपारची चौदा आणे. त्याच माळावर, त्याच बंदुकीसमोर दहा टक्क्यांच्या आसपास फरक! सैन्याच्या ७.६२ मिलिमीटर रायफलची गोळी सेकंदाला ८३८ मीटर वेगाने निघते आणि पहिल्या शंभर मीटरांत प्रमाण हवेत सत्तरेक मीटर वेग गमावते. लासुर्ण्यात शंभर मीटरवर ती दुपारी पहाटेपेक्षा सहा-सात मीटर जास्त वेगाने पोचेल.

इथे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस उभा असतो आणि पाणी दिल्यावर रानात दमटपणा जाणवतो. दमट हवा जड असते आणि गोळीला जास्त अडवते, असं कुणालाही वाटेल. खरं उलट आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, म्हणून दमट हवेचा अडथळा किंचित कमीच. रॉबिन्सची ओल दारूत शिरली होती, वाटेतल्या हवेत नव्हे.

त्याच्या प्रश्नाची म्हणजे दोन उत्तरं आहेत. एक हवामान नळीच्या बाहेरचं, ते गोळी निघाल्यावर तिला अडवतं. दुसरं नळीच्या आतलं, काडतुसातल्या दारूचं, ते गोळी निघतानाच तिचा वेग ठरवतं. बॅशफोर्थने पहिलं बांधून काढलं. दुसरं डोकं वर काढणार होतं ते दारूच बदलल्यावर.

खडकीला १८१७ च्या ५ नोव्हेंबरला पेशव्यांची फौज इंग्रजांशी लढली. त्याच खडकीत १८६९ साली इंग्रजांनी दारूगोळ्याचा कारखाना काढला. पितळी काडतुसांचं युग तेव्हा सुरू होत होतं, पण आत काळी दारूच होती. १८८९ मध्ये एबल आणि ड्युअर यांनी कॉर्डाइट बनवलं: ५८ भाग नायट्रोग्लिसरीन, ३७ भाग गनकॉटन, ५ भाग व्हॅसलीन. धूर जवळजवळ नाही आणि जोर कितीतरी जास्त. ०.३०३ इंची काडतुसात ते १८९१ पासून आलं. हिंदुस्थानासाठी त्याचा कारखाना निलगिरीतल्या अरुवनकाडूला, थंड डोंगरात, १९०४ च्या सुमारास निघाला.

कॉर्डाइट उष्णतेला चटकन दाद देतं. गरम झालेलं कॉर्डाइट लवकर जळतं, नळीतला दाब चढतो आणि गोळी जास्त वेगाने निघते. शिवाय साठवणीत ऊन लागत राहिलं तर ते हळूहळू बिघडतं. काळ्या दारूत तापमानाचा परिणाम मुळातच कमी होता आणि रॉबिन्सचा लोलकही ढोबळ होता. म्हणून त्याला जे दिसलं नाही, ते इथे लपेना. ब्रिटिश तोफखान्याचे तक्ते ६० अंश फॅरनहाइट तापमानाची दारू गृहीत धरत, म्हणजे साडेपंधरा अंश सेल्सिअस. दख्खनच्या मे महिन्यात ही थंडी कुठून आणायची? स्फोटकांच्या रासायनिक तपासणीसाठी १९०८ साली नैनितालला एक कार्यालय सुरू झालं. ते पुढे खडकीला आलं आणि आज त्याची एचईएमआरएल ही प्रयोगशाळा झाली आहे.

वेग मोजायला तेव्हा बेल्जियमचा तोफखाना अधिकारी ल बुलांजे याचं यंत्र वापरत. दोन विद्युतचुंबकांना दोन दांड्या लटकलेल्या. गोळीने पहिली तार तोडली की लांब दांडी पडू लागे, दुसरी तोडली की आखूड दांडी पडून एका सुरीची कळ दाबे, आणि सुरी पडत्या लांब दांडीवर खूण करी. खूण किती उंचीवर उमटली त्यावरून दोन तारांमधला वेळ निघे. घड्याळ असं नव्हतंच, वेळ मोजत होतं गुरुत्वाकर्षण. म्हणून तेसुद्धा जागेप्रमाणे बदले. लंडनला गुरुत्वत्वरण ९.८१ आणि पुण्याला ९.७८. तिकडचा तक्ता इकडे जसाच्या तसा चालवला तर थोडी चूक आपसूक आलीच. एवढं असूनही हे यंत्र शंभरेक वर्षं चाललं, कारण ते साधं होतं आणि कुणालाही दुरुस्त करता येत होतं.

वेगाच्या आकड्याचं मोल पहिल्या महायुद्धात मराठी शिपायांच्या वाट्याला आलं. जुन्या ०.३०३ काडतुसाची २१५ ग्रेनची गोळी सेकंदाला २,०६० फूट वेगाने जाई. १९१० च्या नव्या काडतुसाची टोकदार, १७४ ग्रेनची गोळी २,४४० फुटांनी. दोन्ही एकाच नळीत बसत, पण दोघींचा मार्ग वेगळा, म्हणून बंदुकीवरची नेम धरायची पट्टी वेगळी. १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्समध्ये मार्सेला उतरल्या तेव्हा नव्या काडतुसांसाठी त्यांना नव्या रायफली द्याव्या लागल्या.

पुण्याची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. एप्रिल १९१५ मध्ये शैबाच्या लढाईत वाळवंटातल्या मृगजळाने अंतराचा अंदाजच घेता येईना. लांबचे शत्रू हवेत तरंगल्यासारखे दिसत आणि तोफांचा नेम दुरुस्त करणारे गोंधळत. उन्हात ठेवलेलं काडतूस, तापलेली नळी आणि विरळ हवा, या तिन्ही गोष्टी गोळी वर चढवतात. दृष्टिभ्रम त्यावर चौथा. तिन्ही पलटणी पुढे कुटच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरण जावं लागलं. भुकेने त्यांना हरवलं, गणिताने नव्हे. पण तापमानाचा तक्ता ही कचेरीतली चैन नाही, हे त्या उन्हात दिसलं.

स्वातंत्र्यानंतर डॉ. दौलतसिंह कोठारी १९४८ मध्ये संरक्षण खात्याचे वैज्ञानिक सल्लागार झाले. १९५२ साली खडकीला शस्त्रास्त्र अभ्यासाची संस्था निघाली. ती नंतर गिरीनगरला गेली आणि आज डायट म्हणून ओळखली जाते. १९५८ मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संघटनेबरोबर एआरडीई ही शस्त्रास्त्र संशोधन संस्था आली, तिचं घर पाषाण. इन्सास रायफल तिथेच घडली, ५.५६ मिलिमीटरची, गोळी सेकंदाला ९०० मीटरच्या घरात. तिची काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यात बनू लागली. रॉबिन्सला जे हवामान निसर्गाकडून उसनं घ्यावं लागलं, ते अशा प्रयोगशाळांना पेटीत तयार करता येतं: काडतुसं ठरलेल्या तापमानात ठेवायची, गरम किंवा गार, आणि मग झाडून वेग घ्यायचा. दारूची प्रत ठरवण्याचा हा नेमका मार्ग आहे.

मैदानावर मात्र पेटी नसते. तिथे गेल्या पन्नास वर्षांत रूढ झालेलं यंत्र म्हणजे प्रकाशाचे दोन डोळे, मध्ये साधारण सव्वा मीटर अंतर. गोळीची सावली पहिल्या डोळ्यावरून गेली की घड्याळ सुरू, दुसऱ्यावरून गेली की बंद. ८०० मीटर वेगाच्या गोळीला हे अंतर कापायला जेमतेम दीड मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. ऊन तिरपं पडलं आणि एक डोळा सेंटिमीटरभर उशिरा जागा झाला, तर आकड्यात सहा-सात मीटरची चूक शिरते. ही चूक आणि पहाटे-दुपारचा शंभर मीटरवरचा फरक जवळजवळ सारखे! ढग सूर्यावरून सरकला की गोळ्या अचानक मंद झाल्यासारख्या वाटतात, आणि मंद झालेलं असतं फक्त यंत्र. म्हणून डोळ्यांवर पांढऱ्या कागदाचं किंवा प्लास्टिकचं छत धरतात, सगळ्यांवर सारखी सावली करतात. अमेरिकेच्या ओहलरने आणखी एक मार्ग काढला: तिसरा डोळा. एकाच गोळीचा वेग दोन अंतरांवर दोनदा मोजला जातो. दोन आकडे जुळले नाहीत तर तो बार वहीतून वगळायचा.

यंत्र नळीपासून किती लांब ठेवलं, तेही लिहायला हवं. पाच मीटर अंतरावरच वर सांगितलेल्या ७.६२ च्या गोळीने साडेतीन मीटरच्या आसपास वेग घालवलेला असतो. अगदी जवळ ठेवलं तर नळीतून उसळलेला वायूचा झोत गोळीआधीच यंत्राला जागं करतो. डॉप्लर रडारने ही बरीच कटकट मिटवली. ते गोळीच्या मागे लहरी पाठवून परतलेल्या लहरीतून थेट वेग वाचतं, त्याला ऊन-सावली सारखीच. पूर्वी हे फक्त मोठ्या चाचणीक्षेत्रांवर दिसे. गेल्या दहा वर्षांत हौशी नेमबाजाला पेलेल असं आलं आहे. रडार वेग अचूक देतं, पण काडतूस उन्हात तापलं होतं का, हे त्याला माहीत नसतं.

महाराष्ट्रात हा हिशेब बारकाईने ठेवतात ते ५० मीटरचे नेमबाज. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथं पडून केलेल्या नेमबाजीत, विश्वविजेतेपद मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य घेतलं. त्यांच्या ०.२२ काडतुसाची गोळी मुद्दाम ध्वनीपेक्षा कमी, सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास ठेवतात, कारण ध्वनीच्या वेगाशी झगडताना गोळी अस्थिर होते. ध्वनीचा वेगही हवेबरोबर बदलतो: दहा अंशांना ३३७ मीटर, चाळीसला ३५५. सेकंदाला चार मीटरचा आडवा वारा या गोळीला पन्नास मीटरमध्ये पावणेदोन-दोन सेंटिमीटर ढकलतो, आणि दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे. म्हणून तिथला नेमबाज झेंड्यांकडे पाहत वाऱ्याची एकच अवस्था निवडतो आणि ती परत येईपर्यंत चाप दाबत नाही. अशा वेळी तो हवा मोजत नाही, हवेला स्थिर धरतो. बॅशफोर्थने जे गणिताने केलं, ते तो संयमाने करतो.

टोकाचा प्रसंग १९९९ च्या कारगिलचा. पाच हजार मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्के घनतेची, म्हणजे साडेनऊ आण्यांची. सपाटीच्या तक्त्यांवर तिथे भागेना. तोफखान्याला नेमाचे आकडे प्रत्यक्ष गोळे टाकून जमवावे लागले, आणि विरळ हवेमुळे तोफांचा पल्लाही वाढला. हवा तीच वैरीण, पण उंचीवर तिचा जोर ओसरला.

वेगाचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, एवढं या पावणेतीनशे वर्षांतून निघतं. प्रिंगलचा सारा इंदापुरात फसला, कारण कागदावर काढलेला उत्पन्नाचा आकडा प्रत्यक्ष शेताशी जुळला नाही. गोळीचंही तसंच. वहीत ८३८ लिहिलं, पण काडतुसाचं तापमान, हवेचा दाब, यंत्राचं अंतर आणि वेळ लिहिली नाही, तर तो आकडा पुन्हा कुणाच्या कामी येत नाही. लासुर्ण्यात कुणी आज अधिकृत जागी, परवान्याने गोळी मोजायला उभा राहिला, तर त्याच्या वहीत वेगाच्या आधी हवेचे तीन-चार रकाने असायला हवेत. रॉबिन्सने ऋतूचा प्रश्न विचारला तेव्हाच त्या रकान्यांचा पाया घातला गेला होता.